टोलाच्या जुन्या घड्याळाला सिंथेटिक तेल : गोव्यातल्या पावसाळ्यानंतरचा अनुभव

आठ दिवसांच्या चावीची, टोलाची दोन जुनी भिंतीवरची घड्याळं. एक फोंड्याला, दुसरं मिरामारला समुद्रालगत. दोन्ही मे महिन्यात पूर्ण खोलून साफ केली आणि मोठ्या घड्याळांसाठी मिळणारं सिंथेटिक तेल घातलं. आता दिवाळीही झाली. तेल नक्की घ्या, पण ते स्वच्छ यंत्रासाठीच आहे. जुन्या चिकट तेलावर नवं सोडलं तर दोन्हींचा मिळून काळा चिखल होतो.

पावसाळ्यानंतर भिंगातून मागच्या प्लेटवरची, चाकांचे आस ज्यात फिरतात ती भोकं पाहिली. तेलाचा थेंब अजून पारदर्शक, वाटीसारख्या खळग्यातच थांबलेला, कडेला हिरवी वलयं नाहीत. शिलाई मशीनचं तेल प्लेटवर पसरून जातं आणि भोक कोरडं पडतं. खोबरेल तर मुळीच घालू नये. डिसेंबरातल्या थंड रात्री ते गोठायला लागतं आणि जुनं झालं की डिंकासारखं चिकटतं. गंज सोडवणारा स्प्रे हेही वंगण नव्हे.

घालताना हात आखडताच ठेवा. पातळ तारेच्या टोकाने, खळगा अर्धा भरेल एवढंच. जास्त झालं की थेंब ओघळतो आणि भोकातलं तेलही सोबत ओढून नेतो. दोन्ही बाजू धरून वीसच्या आसपास भोकं, आणि पॅलेटच्या, म्हणजे टिकटिक करत लंबकाला धक्का देणाऱ्या तुकड्याच्या, दोन्ही टोकांना अगदी पुसट. दातेरी चाकांच्या दातांना तेल लावायचं नाही. तिथे धूळ बसते, तिची कानस होते आणि पोलादी दातसुद्धा झिजतात. मुख्य कमानीला हे तेल पातळ पडतं, तिला जाड तेल किंवा कमानीचं ग्रीस हवं.

खोलण्याआधी चालीची आणि टोलाची, दोन्ही कमानी पूर्ण सैल करा. चावी घट्ट धरून कमान उलटी फिरू न देणारा खटका उचलायचा आणि पकड ढिली करत तिला हळूहळू फिरू द्यायचं. पंखाची चावी सुटली तर बोटं फुटतात, म्हणून गोल मुठीचं हत्यारच घ्या. अमोनियाच्या द्रावणात पितळ दहा मिनिटांहून जास्त ठेवू नका, ताणाखालच्या जुन्या पितळाला त्याने तडे जातात. मग भोकं टोकदार बांबूच्या काडीने पुसत राहा, काडी स्वच्छ निघेपर्यंत.

झीज मात्र कुठलंच तेल भरून काढत नाही. मिरामारच्या घड्याळात टोलाच्या बाजूचं एक भोक लांबट झालं होतं. चाक हलवलं की आस बाजूला सरकताना स्पष्ट दिसायचा. तिथे बुश, म्हणजे भोकात बसणारी नवी छोटी नळी, बसवावाच लागला. बुश मूळ केंद्रावर बसला पाहिजे, झिजलेल्या जागेच्या मध्यावर नव्हे. नाहीतर दातांची पकड चुकते आणि घड्याळ पुन्हा अडखळतं.

खाऱ्या हवेने यंत्राऐवजी लंबक टांगायची पातळ पोलादी पट्टी धरली. खालच्या पकडीजवळ गंजाचे ठिपके आले. अशी पट्टी घासत बसू नका, त्याच जाडीची आणि लांबीची नवी लावा. पेटीत ठेवलेल्या सिलिका जेलचा फारसा उपयोग झाला नाही, पेटी हवाबंद नसते.

चिऱ्याच्या पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंतीवर घड्याळ टांगूच नका. आतली भिंत बघा, मागे बुचाचे तुकडे लावा, पण पेटी हलता कामा नये. पेटी डोलली की लंबकाची ताकद तिच्यात जाते आणि घड्याळ थांबतं. लोक त्याचा दोष तेलाला देतात.

टांगल्यावर आधी टिक आणि टॉक यांच्यातलं अंतर सारखं करा, चाल नंतर बघा. साधारण 25 सेंमी लंबकाची लांबी 1 मिमी बदलली तर दिवसाला जवळपास 3 मिनिटांचा फरक पडतो. म्हणून खालची चकती एका वेळी अर्धाच फेरा फिरवायची, वर घेतली की पुढे, खाली सोडली की मागे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला ताडून बघायचं.