समुद्री कयाक, मुक्काम परभणी: आठ महिन्यांनंतर, मुख्यतः आतल्या आडभिंतीबद्दल

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी येलदरी धरणाच्या पाण्यात माझ्या कयाकचं, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीचं, नाक खाली जायला लागलं. काठ अर्धा किलोमीटर लांब. मुद्दाम उलटून पुन्हा चढायचा सराव नुकताच केला होता, त्यामुळे कॉकपिटात, म्हणजे बसायच्या जागेत, पाणी होतं आणि मी हातपंपाने ते उपसत होतो. पाणी भराभर कमी होत होतं, म्हणून मी निर्धास्त होतो. शेजारी जाळी काढणारे मामा ओरडले, "भाऊ, तुमची नाव नाकानं पाणी पिऊ लालीय!" तेव्हा कुठे मान वर करून बघितलं. पाणी बाहेर जातच नव्हतं, ते पुढच्या बंद कप्प्यात सरकत होतं. मामांनी त्यांच्या तराफ्याला बांधून मला काठाला आणलं. पुढचं झाकण उघडलं तर आत दोन बादल्या पाणी.

आतल्या हवेने होडी तरंगती ठेवणाऱ्या ज्या कप्प्याच्या भरवशावर माणूस समुद्रात जातो, तो कप्पा असा निघाला. इथून पुढे मी बहुतेक याच एका गोष्टीबद्दल लिहिणार आहे. लांबी, रुंदी, वजन हे सगळं तुम्ही वाचलेलं असेलच.

ऑक्टोबरात घेतली. रोटोमोल्डेड प्लास्टिकची, १६ फुटी, ५६ सेंटिमीटर रुंद, शेपटाला स्केग (होडी सरळ ठेवायला बुडाच्या खाचेतून खाली सोडायचं पातं), पुढे-मागे दोन बंद कप्पे. १ लाख ३२ हजार आणि वाहतुकीचे साडेअकरा हजार वेगळे. मी पगारी माणूस, दोन वर्षं साठवलेले पैसे होते. म्हणून घेण्याआधी पाच मालकांशी फोनवर तासन् तास बोललो. तिघे कोकणातले, दोघे गोव्याचे. पाचही जण जीव लावून बोलले, एकानेही काही लपवलं नाही. तरी मी फसलो, आणि त्याचं कारण मला मे महिन्यात कळलं.

एक जण म्हणाले, ही होडी वाऱ्यात फार वळते, नाक सारखं वाऱ्याकडे धरते. त्यांचं वजन ६२ किलो, रिकामी होडी घेऊन फिरतात. माझं ८४, वर तंबू, पाणी, शिधा. हलक्या माणसाखाली होडी पाण्यावर उंच राहते आणि वाऱ्याला जास्त सापडते. माझ्याखाली ती नीट बसते. दुसरे म्हणाले, पहिल्या दिवशी डळमळते पण कलली की धरून ठेवते. हे अक्षरशः खरं निघालं. तिसरे म्हणाले, स्केगपेक्षा रडरवाली, म्हणजे वळणाऱ्या सुकाणूची, घ्या. त्यावर पुढे लिहितो.

आडभिंत, म्हणजे बल्कहेड, कॉकपिट आणि बंद कप्पा यांच्यामधली भिंत, याबद्दल पाचांपैकी एकही जण बोलला नाही. बोलणार कसे? त्यांच्याकडे ती कधी सुटलीच नव्हती. त्यांच्या होड्या नारळाच्या सावलीत राहतात, तिथे पारा पस्तिशीच्या आसपास. माझी राहते परभणीत, पत्र्याच्या शेडमध्ये, आणि मे महिन्यात आमच्याकडे ४३ अंश ही रोजची गोष्ट.

या होडीतल्या आडभिंती फोमच्या आहेत, कडेने सीलंट लावून चिकटवलेल्या. होडीचं प्लास्टिक पॉलिथिलीन, आणि त्याला कुठलंच सीलंट मनापासून चिकटत नाही, त्या प्लास्टिकचा स्वभावच तो. त्यात ते तापलं की भरपूर वाढतं. मी टेपने मोजलं: पहाटे सहाला एक माप आणि दुपारी तीनला दुसरं. नाकापासून शेपटापर्यंत सुमारे दीड सेंटिमीटरचा फरक. रोज दीड सेंटिमीटर ताणायचं, रात्री आकसायचं, असे दोन महिने. शिवाय मी दोन्ही झाकणं घट्ट लावून ठेवत होतो, धूळ जाऊ नये म्हणून. आतली हवा तापून फुगते. २५ अंशांची हवा ५५ अंशांवर गेली तर जवळपास दहावा हिस्सा वाढते. झाकण उडालं नाही, तर तो दाब आडभिंतीवर येतो. पुढच्या भिंतीच्या डाव्या बाजूला सीलंट वीतभर सुटलं होतं. बोट घातलं तर आरपार गेलं.

विक्रेत्याला फोटो पाठवले. वॉरंटी एक वर्षाची, माझे सात महिने झालेले. उत्तर आलं, अति उष्ण जागी ठेवल्यामुळे वॉरंटी लागू नाही. मी कागद पुन्हा वाचला. त्यात उष्णतेचा, अंशाचा, शेडचा कुठेही उल्लेख नाही. विकताना परभणीचा पत्ता त्यांनीच स्वतःच्या हाताने बिलावर लिहिला होता. तीन आठवडे फोन आणि मेल चालले. शेवटी म्हणाले, सीलंटची नळी पाठवतो, कुरियर तुमचं. मी नको म्हटलं. तेच सीलंट, तोच उन्हाळा, पुढच्या मे महिन्यात पुन्हा तेच होणार. हा राग अजून गेलेला नाही आणि जाणारही नाही, कारण हा दुरुस्तीच्या खर्चाचा वाद नव्हता. हीच भिंत मालवणला खडपाच्या बाहेर सुटली असती तर?

उपाय गावातच मिळाला. गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाक्या आणि ही होडी एकाच पद्धतीने बनतात, भट्टीत साचा फिरवून. आमच्याकडे फुटलेल्या टाक्या वेल्ड करणारे कारागीर आहेत. एकाला घरी बोलावून होडी दाखवली. त्याने ठोकून, नखाने ओरखडून बघितलं आणि म्हणाला, "टाकीचंच मटेरियल हाय, धरंल." जुन्या टाकीचा पत्रा कापून भिंतीच्या आकाराचा तुकडा केला. त्याचा सडपातळ पोऱ्या कॉकपिटातून डोक्याकडून आत शिरला, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात गरम हवेची गन, आणि कडेने पट्टी वितळवत गेला. दर पाच मिनिटांनी बाहेर येऊन पाणी पीत होता. दोन्ही भिंतींचे १४०० रुपये झाले. मी पोऱ्याला वर शंभर दिले. शेवटी हवेचा दाब निघून जावा म्हणून प्रत्येक भिंतीत वर सुईएवढं छिद्र पाडलं, समुद्रात जाणारे अनेक अनुभवी लोकही ते ठेवतात.

रात्रभर कॉकपिट पाण्याने भरून ठेवलं. दोन्ही कप्प्यांत आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र अंथरलं होतं. सकाळी पाणी काढून पेपर उचलला, कडक वाजला. तेव्हा बायको म्हणाली, आता चेहरा सरळ झाला तुमचा.

आता स्केगबद्दल, कारण इथे माझं मत पूर्ण बदललं आहे. पहिले दोन महिने मी स्केगला नावं ठेवत होतो. येलदरीच्या काठावर चिखल, तो खाचेत बसायचा आणि पातं अडकायचं. मग जानेवारीत होडी गाडीच्या टपावर टाकून मालवणला गेलो. सकाळी मतलई वाऱ्यात समुद्र तळ्यासारखा होता. अकरानंतर खारे वारे सुटले आणि होडी नाक वाऱ्याकडे वळवू लागली. स्केग अर्धं खाली सोडलं आणि शेपूट जागेवर बसलं. मग दीड तास सिंधुदुर्ग उजव्या हाताला ठेवून एका रेषेत वल्हवत आलो, एकदाही जादा वल्हं मारावं लागलं नाही. मांडीवर मीठ वाळलेलं, खांदे भरून आलेले, तरी उतरावंसं वाटेना. तेव्हापासून रडरचा विचार सोडला. चिखलासाठी पात्याला दोरीचा छोटा फास बांधला आहे. अडकलं की काठावरचा सोबती ओढून सोडवतो.

प्लास्टिक की फायबर, हा प्रश्न मला अजून विचारतात. फायबरला हा उष्णतेचा त्रास एवढा होत नाही, वजनही कमी. पण येलदरीचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की बुडालेल्या बाभळींची खोडं पाण्याखाली चार बोटांवर येतात. एकावर मी पूर्ण वेगात चढलो होतो. बुडाला लांब ओरखडा पडला, एवढंच. फायबरची होडी तिथे चिरली असती. मराठवाड्याच्या धरणांसाठी मी आजही प्लास्टिकच घेईन, मात्र आडभिंती वेल्ड केलेल्या आहेत का, हे आधी आत बॅटरी मारून बघेन.

जायकवाडीच्या नाथसागरावर नेता का, असंही काही जण विचारतात. नाही. ते १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरतात, त्यांच्यात होडी घालायची माझी इच्छा नाही. येलदरीलाही परवानगी काढून आणि जाळी टाकणाऱ्यांना विचारूनच उतरतो. त्या मामांच्या जाळ्याच्या वाटेत तर कधीच नाही.

तुम्ही मालकांना फोन कराल तेव्हा तुमची होडी कशी आहे, हे शेवटी विचारा. आधी त्यांचं वजन विचारा, ते सामान किती नेतात ते विचारा, आणि मे महिन्यात होडी कुठे ठेवतात ते विचारा. आमच्या भागातल्या कुणाला माझ्याशी बोलायचं असेल तर संध्याकाळी सातनंतर मी मोकळा असतो.

सध्या ती शेडमध्ये आहे, दोन्ही झाकणं उघडी, वर जुन्या गोधडीचं आच्छादन, पट्टे सैल. वेल्ड दर पंधरा दिवसांनी बोट फिरवून तपासतो. अजून कुठे चीर नाही. नारळी पौर्णिमा झाली की मालवण.