पोलो जीटीचं मागचं सस्पेंशन: स्प्रिंग बदलू, शॉकअप की बार?

फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय चाकणला बनायची, २०२२ मध्ये बंद झाली. तरी पुण्यात ती अजून भरपूर दिसते, आणि ज्यांच्याकडे आहे ते सहसा विकत नाहीत. साठ-सत्तर हजार किलोमीटर झाले की मागचे शॉकअप, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणारे दांडे, थकतात. मग प्रश्न पडतो: बदलायचेच आहेत तर जरा भारीच टाकावेत का?

ठरवण्याआधी गाडीखाली वाकून बघा. मागची दोन्ही चाकं एका आडव्या बीमला जोडलेली आहेत. एक चाक खड्ड्यात गेलं की बीम पिळतो. स्प्रिंग एका जागी, शॉकअप दुसऱ्या जागी. त्यामुळे स्प्रिंगला हात न लावता नुसता शॉकअप बदलता येतो, आणि आपल्या रस्त्यांना हेच सोयीचं आहे.

लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे गाडी खाली आणणाऱ्या आखूड, कडक स्प्रिंग, सगळ्यात स्वस्त पडतात. गाडी बसकी, देखणी दिसते. मीही आधी तेच केलं होतं: ३५ मिलिमीटर खाली, शॉकअप कंपनीचेच जुने. बाणेर रोडला मजा आली. मग जुन्या कात्रज घाटात मागे दोघं बसलेले असताना वळणावरच्या एका खळग्यात मागची बाजू धप्पकन बंपस्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, बसली आणि चाक उसळून बाजूला सरकलं. वळणाच्या मधोमध चाकाची पकड सुटली की पोटात गोळा येतो. स्प्रिंग कडक झाली की उसळी जास्त जोरात येते आणि ती आवरायची ताकद जुन्या शॉकअपमध्ये नसते. त्यात आखूड स्प्रिंगमुळे चाकाला वर जायला जागाही कमी उरते. चार महिन्यांत एका शॉकअपला तेल सुटलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. आपल्या सोसायट्यांच्या दारातले उंचवटे अरुंद आणि उभे असतात, तिथे बसकी गाडी रोज घासते.

स्प्रिंग कंपनीचीच ठेवून चांगले शॉकअप टाकले तर उंची बदलत नाही आणि गाडी एका उसळीत शांत होते. बिलस्टाइन कंपनीच्या बी६ सारखा मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचा, शॉकअप घेतला तर त्यात गॅस आणि तेलाच्या मध्ये तरंगता पिस्टन असतो. सिंहगड चढताना-उतरताना तो सतत काम करून तापला तरी तेलाला फेस येत नाही, दाब टिकतो. पेठेतल्या गल्लीत, वीसच्या वेगाला, तो थोडा कडक लागतो, हे खरं. घेताना बी६ आणि बी८ यांची गल्लत करू नका. बी८ आखूड असतो, तो बसक्या गाडीसाठी. कंपनीच्या स्प्रिंगवर तो लावला तर चाक पूर्ण खाली लोंबत नाही. गाडी खाली करायचीच असेल तर मात्र स्प्रिंग आणि बी८ एकत्र घ्या, सुट्या स्प्रिंग नकोत.

कॉइलओव्हरचा, म्हणजे शॉकअपवरच स्प्रिंग बसवलेल्या, उंची बदलता येणाऱ्या जोडीचा, आग्रह सोडा. या गाडीत मागे तो खरा कॉइलओव्हर नसतोच: उंची बदलणारी बैठक वेगळी, शॉकअप वेगळा. दोन पावसाळ्यांचा चिखल बसला की आटे जाम होतात.

मागचा अँटीरोल बार, म्हणजे वळणात गाडीचं कलणं कमी करणारी दांडी, हा वेगळाच विचार आहे. पुढची चाकं ओढणाऱ्या या गाडीचं नाक वळणात बाहेर पळतं. बीमला बार जोडला की मागची बाजू कमी कलते आणि गाडी चटकन वळते. कोरड्या पसरणी घाटात याच्याइतका आनंद दुसरा कुठलाच पार्ट देत नाही. पण जुलैत ओल्या वळणावर घाबरून ॲक्सिलरेटर सोडलात तर मागचं टोक फिरतं. घरात नवशिका चालवत असेल तर बार नको. टायर गुळगुळीत झाले असतील तर आधी टायर.

माझ्या गाडीत आता कंपनीच्या स्प्रिंगवर मोनोट्यूब शॉकअप आहेत, बार नाही. रोज खडकीला जायचं, महिन्यातून एकदा घाट, मागे आईबाबा: अशा वापराला मी हेच सांगेन. महाबळेश्वरला चौघं आणि डिकी भरून जाताना फरक सगळ्यात जास्त जाणवतो.

मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांबद्दल आहे. त्यामुळे इन्शुरन्सवाल्यांना आधी विचारा.

आणि फिटरला एक गोष्ट बजावून सांगा. शॉकअपच्या बुशचा, म्हणजे जोडावरच्या रबराचा, बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना शेवटचा आवळायचा नाही. चाकांवर वजन आल्यावरच आवळायचा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मी शेजारी उभा राहून हे करून घेतलं.