हगवणीची 'लस' टोचून १६,४०० रुपये नेले

त्या भामट्याचं नाव इथे टाकलं असतं, पण तेही खोटंच निघालं. गोठ्यात वासरं पिवळं पाण्यासारखं हगत होती, डोळे खोल गेलेले. अशा वेळी बर्फाचा डबा घेऊन दारात आलेल्याला डिग्री कोण विचारतो? २०२२ ला लम्पीच्या वेळी असेच डबे घेऊन लोक आले होते, ती लस खरी होती.

बरं, गडी अडाणी नव्हता. रोटा, कोरोना (हा गुरांचा, माणसांचा नव्हे), बीव्हीडी (गुरांच्या हगवणीचा आणखी एक विषाणू), सगळं घडाघडा. विषाणूंमुळे कोवळी वासरं हगतात हे खरंच आहे. खऱ्यात खोटं कालवलं की गळी उतरतं. लहान-मोठ्या १४ वासरांचं रक्त पट्टीवर तपासलं, ४,५०० रुपये. चौदाच्या चौदा पॉझिटिव्ह! तिथंच खटकायला हवं होतं. पण वासराची मान माझ्या मांडीवर, मी पट्टी बघू की त्याला धरू? मग लस, वासरामागे ८५०, म्हणजे ११,९००. डब्यातल्या बर्फाचं कोमट पाणी झालेलं. बाटलीचं लेबल भिजून सुटलेलं, ते त्याने अंगठ्याने दाबून धरलं होतं. रिकाम्या बाटल्याही 'नियम आहे' म्हणत पिशवीत घातल्या. चार वासरं गेली.

मागाहून कळलं, हगवण लागलेल्या वासराला लस टोचून ती थांबत नाही. लस गाभण गायीला द्यायची, विण्याआधी काही आठवडे; संरक्षण चिकातून वासरात उतरतं. चीक पहिल्या दोन तासांत पाजा, ३० किलोच्या वासराला पहिल्या दिवसात तीनेक लिटर. हगवणीत आधी पाणी आणि क्षार भरून काढा, दूध तोडू नका.

दवाखान्यात गेलो तर म्हणे, बाटली आणा, बॅच नंबर सांगा. बाटली असती तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? वर, 'खासगी माणसाला हात लावू दिलाच कसा?' साहेब, तुमची खुर्ची रिकामी होती म्हणून! ठाण्यात बिल मागितलं. पुढच्या टेबलावर मेलेल्या वासरांचा पंचनामा. मग काय, पुरायची सोडून गोठ्यात सडवायची होती? तिसऱ्याने सांगितलं, पैसे ऑनलाइन दिलेत ना, मग सायबरला जा. अर्ज अजून फिरतोय.

तोच डबा आता शेजारच्या तालुक्यात दिसलाय म्हणे. १९६२ या सरकारी पशुवैद्यकीय मदतीच्या नंबरला फोन लावा. कोणीही आला तरी बाटलीचा फोटो आधी, सुई नंतर. काढू देत नसेल तर गोठ्यात पाऊल टाकू देऊ नका.