पोकरवर घर चालवायचं तर: कॅश गेम की टूर्नामेंट?

भाच्याने पुण्यातली नोकरी सोडून पोकरवर जगायचं मनावर घेतलंय. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचं ऑनलाइन पोकर बंद झालं, म्हणजे आता त्याच्यासाठी मुख्यतः उरले गोव्यातले कॅसिनो. तिथे कॅश गेम खेळू की टूर्नामेंट, हा त्याचा प्रश्न. कॅश गेममध्ये चिपा म्हणजे थेट पैसे; टूर्नामेंटमध्ये ठरलेली फी भरायची, चिपा संपल्या की बाहेर, आणि बक्षीस शेवटपर्यंत टिकणाऱ्यांना.

आधी भांडवल. कॅशमध्ये 100-200 च्या टेबलावर (प्रत्येक डावाआधी दोघांनी आळीपाळीने लावायच्या सक्तीच्या रकमा; त्यातली मोठी ती बिग ब्लाइंड) 100 बिग ब्लाइंड, म्हणजे 20,000 रुपये घेऊन बसतात. अशा निदान 30 बैठकींचे पैसे गाठीला हवेत: 6 लाख. टूर्नामेंटची प्रवेश फी 10,000 धरली तरी मी 100 प्रवेशांचे 10 लाख मागेन. तिथे साधारण दहा-पंधरा टक्के खेळाडूंनाच काही मिळतं आणि खरा पैसा शेवटच्या टेबलावर असतो. उत्तम खेळणाराही महिनोन्महिने कोरडा जातो.

रेक, म्हणजे कॅसिनोची कपात, कॅशमध्ये जास्त बोचतो. डीलर पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशांतून, चिपा उचलून टेबलाच्या फटीत टाकत राहतो. रात्रभराचा हिशेब केला की पोटात गोळा येतो. टूर्नामेंटमध्ये कपात एकदाच, फीमध्येच.

कॅशमधून कधीही उठता येतं. टूर्नामेंटमध्ये पहाटे तीनला, डोळे मिटत असताना, सगळ्यात महागडे निर्णय घ्यावे लागतात.

कर दोन्हींना सारखाच: जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के, वर सेस, आणि हरलेले पैसे वजा होत नाहीत. हे मला फार अन्यायाचं वाटतं.

घरभाडं, हप्ते डोक्यावर असतील तर कॅश गेम, तोही वर्षाचा घरखर्च बाजूला काढून. नोकरी टिकवून शनिवार-रविवारी जाणार असशील, तर टूर्नामेंट.