नागपूरच्या उन्हात गाडीला जादाचे मीटर: दिवाळी ते नवतपा वापरून

गाडी जुनी डिझेल हॅचबॅक. डॅशबोर्डवर टेम्परेचरचा काटाच नाही. इंजिन थंड असलं की निळा दिवा, तापलं की लाल. मधलं काहीच कळत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणाऱ्या गावात हे मला कधीच पटलं नाही, कारण लाल दिवा लागेपर्यंत हेड गॅस्केटचा (इंजिनच्या डोक्याखालचं सील) खर्च दारात येऊन उभा असतो. म्हणून दिवाळीनंतर ५२ मिमीचे तीन मीटर बसवले: पाण्याचं तापमान, ऑइल प्रेशर आणि व्होल्ट. सोबत टायरच्या हवेचा मॉनिटर. नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस) काढल्यानंतर हे लिहितो आहे.

निवडताना प्रश्न एकच ठेवला होता: काटा हलला तर मला चालवताना काही करता येईल का? त्यामुळे सगळ्यांना आधी हवा असतो तो बूस्ट मीटर (टर्बोचा दाब दाखवणारा) बाद झाला. दिसतो छान. पण टर्बोचा होस फाटला तर गाडी ओढत नाही, काळा धूर सोडते; ते काट्याआधी पायाला कळतं.

पाण्याच्या मीटरने पैसे वसूल करून दिले. एरवी ८८ ते ९४ अंश, वर्धा रोडच्या सिग्नलला ९७-९८, फॅन लागला की पुन्हा खाली. एप्रिलमध्ये परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढत होतो. गाडी भरलेली, एसी फुल, पुढे ट्रक. काटा १०२ वर गेला, मग १०४, मग १०६. लाल दिव्याचा पत्ता नाही. दाबाखालचं, कुलंट मिसळलेलं पाणी १०० ला उकळत नाही, त्यामुळे घाबरण्यासारखं नव्हतं, पण काटा थांबत नव्हता हे महत्त्वाचं. एसीचा कंडेन्सर (एसीची गरमी बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढेच असतो, त्याची सगळी गरमी रेडिएटरवर येते. एसी बंद केला, गियर एक खाली घेतला, ट्रकपासून अंतर ठेवलं. पुढच्या दोन-तीन वळणांत ९६. घरी आल्यावर कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधली फट धुऊन घेतली. धूळ आणि किड्यांचा थर बसला होता. त्यानंतर तेवढ्याच उन्हात काटा चार-पाच अंश खालीच राहतो.

एक सावधगिरी. पाणी गळून संपलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा वर जाण्याऐवजी खाली येऊ शकतो. चढावर अचानक काटा पडला तर आनंद मानू नका, गाडी बाजूला घ्या.

सेन्सर रेडिएटरच्या वरच्या होसमध्ये ॲडॅप्टर टाकून बसतो. इथेच बऱ्याच जणांचं काम बिघडतं. एका वायरीच्या सेन्सरला अर्थिंग बॉडीकडून मिळते आणि रबराच्या होसमध्ये ती मिळत नाही. ॲडॅप्टरवरून चेसिसला वेगळी अर्थ वायर घ्यायलाच हवी, नाहीतर काटा मनाला येईल ते दाखवतो. ऑइलच्या सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप जास्त गुंडाळली तरी हाच घोळ होतो.

ऑइल प्रेशरचा मीटर इलेक्ट्रिकच घ्या. मेकॅनिकल मीटरमध्ये गरम ऑइलची बारीक नळी थेट केबिनमध्ये येते. ती फुटली तर पायावर. कंपनीचा ऑइलचा दिवा प्रेशर साधारण अर्ध्या बारच्याही (बार हे दाबाचं माप) खाली गेल्यावर लागतो, म्हणजे फार उशिरा. माझ्याकडे थंड इंजिनला ४ बारच्या वर, गरम झाल्यावर आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) डिसेंबरमध्ये दीडच्या वर आणि मे महिन्यात १.२. ऑइल तेच, उन्हाने पातळ झालेलं. ऑइल बदलायची वेळ आता किलोमीटरसोबत या काट्यावरूनही ठरवतो.

व्होल्ट मीटर सगळ्यात स्वस्त आणि बसवायला सोपा. गाडी चालू असताना १४.२ दाखवायचा. मार्चमध्ये रात्री हेडलाइट आणि एसी लावले की १३ च्या खाली येऊ लागला. बॅटरीचा दिवा बंदच. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर उघडला तर ब्रश झिजलेले. उन्हाळा इथे बॅटऱ्या तसाही खातो, त्यात चार्जिंग कमी म्हणजे रस्त्यात उभं राहणं नक्की.

ओबीडीचा (गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटला लावायचा) ब्लूटूथ डोंगल आणि मोबाईल हा स्वस्त मार्ग आहे आणि पाण्याचं तापमान त्यात नीट मिळतं. पण बहुतेक साध्या गाड्यांत ऑइल प्रेशरचा नुसता स्विच असतो, आकडा मिळतच नाही. शिवाय दुपारी डॅशबोर्डवर ठेवलेला मोबाईल स्वतःच तापून बंद पडतो.

मीटर काळ्या तबकडीचे, पांढऱ्या काट्याचे घेतले. आकड्यांचे एलईडी मीटर आपल्या उन्हात दिसत नाहीत. पुढच्या काचेच्या बाजूच्या पिलरवरचा पॉड (मीटरचं घर) छान दिसतो, पण कर्टन एअरबॅग (खिडकीवरून उघडणारी) असलेल्या गाडीत तो लावूच नका. माझे एसीच्या बटणांखालच्या खणात आहेत. दिव्याची वायर पार्किंग लाइटला जोडा, म्हणजे दिवसा उगाच जळत नाही. सप्लाय फ्यूज टॅपवरून (फ्यूजच्या जागी बसून वेगळी वायर देणारा जोड) घ्या, मूळ हार्नेस (गाडीच्या वायरींचा जुडगा) कापू देऊ नका. इलेक्ट्रिशियन कितीही म्हणाला, ‘काही होत नाही भाऊ’, तरी नाही.

टायरचा मॉनिटर खास नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गासाठी घेतला. ७०१ किलोमीटरचा काँक्रीटचा रस्ता, १२० ची मर्यादा. सकाळी थंड टायरमध्ये ३३ पीएसआय भरले तर दुपारी ३७-३८ होतात. तापमान १० अंश वाढलं की साधारण दीड पीएसआय चढतो. ती वाढ पाहून गरम टायरची हवा सोडायची नसते. मला उपयोग झाला तो वेगळाच: तीन टायर चढले आणि मागचा डावा ३३ लाच अडून बसला. खिळा होता, हवा हळूहळू जात होती. याचा सोलर डिस्प्ले मात्र काचेखाली ठेवू नका, आतली बॅटरी उन्हात टिकत नाही. माझा मे महिन्यातच फुगला, आता नवा खाली चार्जरच्या वायरीवर आहे.