लाल मास्कचे आठ महिने, आणि चार्जिंगचं ते भोक

२०२४ च्या दिवाळीत सुरकुत्यांसाठी घेतलेला, चेहऱ्यावर लावायचा लाल दिव्यांचा मास्क पुढच्या जुलैत चार्ज व्हायचा बंद झाला, म्हणून लिहायला बसले. एरवी लिहिलं नसतं. चेहऱ्याबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे, पण चार्जिंगबद्दल मात्र पुष्कळ आहे.

किंमत ६,४९९. त्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,१२१ होता. आमच्या ह्यांनी लगेच हिशेब मांडला, "म्हंजे नव्वद किलो कापूस तोंडाले फासून राह्यली तू." सासूबाई पहिल्या रात्री दारातूनच मागे फिरल्या. "अवो, पोट्टे भितीन ना!"

आत दोन प्रकारचे बल्ब, एक ६३० नॅनोमीटर लहरलांबीचा लाल उजेड देणारे आणि दुसरे ८५० चा, लालच्याही पलीकडचा; दहा मिनिटांनी आपोआप बंद. घेतल्याच्या तिसऱ्या दिवशी मी कंपनीशी भांडले, अर्धे बल्ब पेटतच नाहीत म्हणून. त्यांनी सांगितलं, मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघा. पाहिलं तर सगळे जांभळट पांढरे चमकत होते. ८५० चा उजेड डोळ्यांना जवळपास दिसतच नाही. तेव्हा माफी मागितली. जुलैत ती परत घ्यावीशी वाटली.

डिसेंबरात हावरटपणा केला. दहा मिनिटांनी बंद झाला की पुन्हा चालू, असं रोज. आठवड्याभरात गाल कोरडे आणि लाल. खोक्यावर चौरस सेंटिमीटरला ३० मिलीवॅट लिहिलंय, म्हणजे दहा मिनिटांत चौरस सेंटिमीटरला १८ ज्यूल. या उजेडाचं असं आहे की मात्रा वाढवली म्हणून गुण वाढत नाही, उलट घटतोही. २०१४ साली छापून आलेल्या, अशाच उजेडाच्या जर्मनीतल्या चाचणीत १३६ जण होते. ज्यांना उजेड दिला त्यांना आठवड्यातून दोनदाच, अशा ३० बैठका. तेही अख्ख्या अंगावर उजेड पडेल अशा मोठ्या दिव्यांखाली. हे वाचलं आणि मीही आठवड्यातून दोन-तीनदाच लावू लागले. बॅटरीही वाचली. आमच्याकडे रात्री लाइनीचा भरवसा नसतो, त्यामुळे बॅटरीवर चालतो हा एक गुण मी मनापासून मान्य करते.

गुण म्हणाल तर जानेवारीपर्यंत शून्य. मार्चमध्ये, सकाळी त्याच खिडकीशी काढलेले फोटो शेजारी ठेवले तेव्हा डोळ्यांच्या कडेच्या बारीक रेघा जरा पुसट वाटल्या. कपाळावरची आडवी घडी आहे तशीच. आणि खरं सांगायचं तर त्याच महिन्यांत मी सनस्क्रीन सुरू केलं होतं. शाळेला चौदा किलोमीटर स्कूटीवर जाते, तेव्हा दुपट्टाही नीट बांधायला लागले होते. त्यामुळे श्रेय कुणाचं ते देव जाणे.

एप्रिलमध्ये मत पुन्हा फिरलं. पारा चव्वेचाळीसवर, कूलरसमोर बसूनही मास्कच्या आत घाम, आणि गालावरचे वांग गडद झाले. यवतमाळच्या त्वचेच्या डॉक्टर म्हणाल्या, आपल्यासारख्या सावळ्या कातडीत उष्णतेनं आणि दिसणाऱ्या उजेडानंही वांग वाढू शकतात, काही दिवस मास्क बंद ठेवा. सनस्क्रीनही रंगवालं, आयर्न ऑक्साइडचं दिलं. साधं पांढरं सनस्क्रीन दिसणारा उजेड फारसा अडवत नाही म्हणे. ज्यांना वांग आहेत त्यांनी घेण्याआधी विचारून घ्या.

पाऊस लागल्यावर पुन्हा काढला. तोवर उंदरानं मास्कसोबत डब्यात आलेली केबल कुरतडली होती. घरात नवीन फोनांच्या तीन केबल, दोन्हीकडून टाइप-सी. एकीनंही चार्ज होईना. कंपनी म्हणे चार्जर खराब. त्याच चार्जरवर तीन फोन चार्ज होतात, सांगितलं. मग व्हिडिओ मागितला, तो पाठवला. मग म्हणे मास्क परत पाठवा, आणि दुसऱ्या दिवशी, "तुमच्या पिनकोडवर पिकअप सेवा नाही." डब्यातलीच केबल वापरा म्हणाले, तीही ४९९ ला. चिडून मागवली.

तिची वाट बघत बसण्यापेक्षा आर्णीच्या स्टँडजवळच्या मोबाइलवाल्या पोराकडे गेले. त्यानं भिंग डोळ्याला लावून मास्कच्या चार्जिंगच्या डबीचं झाकण उघडलं आणि हसला. "दोन्हीकून सी असलं ना मॅडम, तं चार्जर आंधी इचारते, समोर कोनी हाये का? तुमचा मास्क बोलतच नाही." चार्जरला उत्तर द्यायला ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात. तेच बसवलेले नव्हते. एका बाजूला जुनी चौकोनी पिन असलेली केबल काही विचारत नाही, सरळ करंट देते, म्हणून डब्यातलीवर सगळं ठीक चालत होतं. म्हणजे बिघाड जुलैचा नव्हताच, पहिल्या दिवसापासून होता. साडेसहा हजारांच्या वस्तूत मोहरीपेक्षा लहान दोन तुकडे वाचवले. त्यानं मेलेल्या पॉवर बँकमधून ते काढले, चिमट्यानं धरून डाग दिले, ऐंशी रुपये घेतले. वॉरंटी गेली. आता कुठल्याही केबलवर चार्ज होतो.

चौथ्या दिवशी ४९९ ची केबल घरपोच आली. त्याच पिनकोडवर.