फिजिबल, व्हायेबल, प्रॅक्टिकल... ऑक्सफर्डची लर्नर्स डिक्शनरी कशी आहे

ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरीची वेबसाईट फुकट आहे, शब्द शोधायला लॉगिन वगैरे लागत नाही, आणि ज्यांना इंग्लिश वाचून कळतं पण ऑफिसात मेल लिहायचा म्हटलं की घाम फुटतो त्यांनी बाकीची 'रोज एक नवा शब्द' वाली ॲप्स उडवून ही एकच ब्राऊझरमध्ये सेव्ह करून ठेवावी असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते एकाच शब्दावर सांगतो. फिजिबल.

हा शब्द आपल्याकडे कुणाला माहीत नाही? इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये फिजिबिलिटी स्टडीचं चॅप्टर ठरलेलं, टेक्निकल, इकॉनॉमिक, ऑपरेशनल अशी तीन हेडिंग्ज, आणि निम्मी पोरं ते सिनियरच्या रिपोर्टमधून जसंच्या तसं उचलतात. पुढे नोकरीत 'फिजिबल नाहीये' म्हणजे 'मला करायचं नाहीये' हे सांगायची सभ्य पद्धत. पण वाक्यात घालायची वेळ आली की गाडी घसरते, 'आय ॲम नॉट फिजिबल टुमारो' असले मेसेज ग्रुपवर बिनधास्त पडतात. अरे बाबा, माणूस फिजिबल नसतो, माणूस फ्री असतो किंवा नसतो. फिजिबल असतो तो प्लॅन, पर्याय, डेडलाईन.

आता ॲप्सचं बघा. मी वापरलेल्या एका ॲपमध्ये (नाव जाऊदे) फिजिबल म्हणजे व्यवहार्य, व्हायेबल म्हणजे व्यवहार्य, प्रॅक्टिकेबल म्हणजे पण व्यवहार्य, आणि प्रॅग्मॅटिक म्हणजे व्यवहारवादी. झालं, चार शब्द शिकलात, टाळ्या, स्क्रीनवर फुगे उडतात. यात सगळा दोष ॲपवाल्याचा नाही म्हणा, सरकारी मराठीतही फिजिबिलिटी रिपोर्ट म्हणजे व्यवहार्यता अहवाल आणि व्हायेबिलिटी गॅप फंडिंग म्हणजे व्यवहार्यता तफावत निधी. पण दोन्ही शब्दांतला प्रश्न वेगळा आहे ना. पुण्यातली हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रो घ्या, खाजगी भागीदारीतली. तिथे मार्ग बसतो का, खांब उभे राहतात का, हातात असलेल्या पैशात आणि वेळेत जमतं का, हे झालं फिजिबल. बांधून झाल्यावर तिकिटांच्या आणि बाकीच्या कमाईतून कंपनीची गुंतवणूक सुटते का, धंदा स्वतःच्या पायावर उभा राहतो का, हे झालं व्हायेबल. ते गणित जुळत नाही म्हणूनच तर सरकार मधली तफावत भरून देतं.

ऑक्सफर्डमध्ये हा फरक शब्दाच्या सोबत्यांवरून कळतो. फिजिबल उघडलं की सोप्या इंग्लिशमध्ये अर्थ, म्हणजे होण्यासारखं आणि होईल असं वाटणारं, खाली उदाहरणं, त्यात 'इट इज नॉट फिजिबल टू' असा साचा तयार मिळतो, तो उचलायचा आणि पुढे आपलं काम जोडायचं. 'इट इज नॉट फिजिबल टू शिप द होल ऑर्डर बाय फ्रायडे', गेला मेल. व्हायेबल उघडा, तिथे कमर्शियली, फायनान्शियली, अल्टरनेटिव्ह अशी मंडळी सोबत दिसतात आणि शिवाय जीवशास्त्रातला अर्थ वेगळा दिलेला, स्वतःच्या बळावर वाढू आणि जगू शकेल असा जीव. अगदी खाली शब्द आला कुठून तेही असतं, व्हायेबलच्या मुळाशी फ्रेंचमधलं जीवन आणि फिजिबलच्या मुळाशी 'करणे', एवढं वाचलं तरी दोघांची गल्लत परत होत नाही. उच्चारासाठी ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन स्पीकर आहेत, फिसिबल म्हणणाऱ्यांनी जरूर दाबावेत.

प्रॅक्टिकलला मला सगळ्यात जास्त मजा आली. आपण 'तो फार प्रॅक्टिकल आहे हं' म्हणतो त्यात हळूच एक टोमणा असतो, भावना बाजूला ठेवून हिशोब बघणारा. इंग्लिशमध्ये तसं नाही, उलट कौतुकच जास्त, समंजस माणूस, किंवा हाताने वस्तू बनवणारा-दुरुस्त करणारा. म्हणजे रेफरन्स लेटरमध्ये कुणी प्रॅक्टिकल लिहिलं तर रुसू नका.

ही डिक्शनरी अशी असण्याचं कारण तिच्या जन्मात आहे. ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्रज मास्तर जपानमध्ये इंग्लिश शिकवायचे, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तिथल्या विद्यार्थ्यांसाठी केलेला कोश 1942 मध्ये टोकियोत छापला गेला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो आपल्या नावाने काढला. म्हणजे पहिल्यापासून गिऱ्हाईक आपल्यासारखं, ज्याच्या घरात इंग्लिश बोलत नाहीत असं. त्यामुळे शब्दाला नुसता अर्थ नाही, वाक्यात बसवायची पद्धतही दिलेली.

तक्रारी आहेतच. फुकट आहे म्हणून जाहिराती, मोबाईलवर उदाहरणापर्यंत पोचायला अंगठा दुखेपर्यंत स्क्रोल. मराठी अजिबात नाही, त्यामुळे सातवी-आठवीतल्या मुलाला एकट्याला देऊन उपयोग नाही, अर्थातला एखादा शब्द अडला की तो लगेच गुगल ट्रान्सलेटकडे पळणार. उदाहरणंही तिकडची, त्यात आपलं जीएसटी, डिस्पॅच, पार्टीचं पेमेंट कुठून येणार.

अगदीच सुरुवात असेल तर आधी कॉलिन्स कोबिल्ड बघा, तीही ऑनलाईन फुकट बघता येते. 1987 मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या कामातून ती पहिल्यांदा आली आणि तिची खासियत म्हणजे अर्थच पूर्ण वाक्यात देतात, एखादी गोष्ट फिजिबल असेल तर ती करता येते, असं. घरात समजावून सांगितल्यासारखं वाटतं. माझ्याकडून ऑक्सफर्डला पाचपैकी साडेचार, कोबिल्डला चार, आणि फुगे उडवणाऱ्या ॲपला फुग्यांपुरता एक.